लुंबिनीच्या वाटेवर गव्हाशिवाय

आपल्या वस्त्यांतून धम्मयात्रेच्या बसगाड्या बुद्धगया, कुशीनगर करीत सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात लुंबिनीला जातात. आमच्या घरातल्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. परदेशात ती खाणार काय, म्हणून तिला मागे ठेवावे असे काहींनी सुचवले. आम्ही तिला नेले. त्यातून जे शिकलो ते इथे देत आहोत.

सिलिअ‍ॅक म्हणजे नुसता अपचनाचा त्रास नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असते. ते पोटात गेले की या रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. मग अन्न अंगी लागत नाही. जुलाब होतात, पोट फुगते, रक्त कमी होते, मुलांची वाढ खुंटते. यावर उपाय एकच : आयुष्यभर ग्लुटेन टाळणे.

नेपाळात डाळ-भात सगळीकडे मिळतो. कोदो म्हणजे आपली नाचणी. तिचा किंवा मक्याच्या पिठाचा ढिंडोही चालतो. मोमो, चाऊमीन, समोसा नको. त्यांत मैदा असतो. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. पुडीतल्या हिंगातही पुष्कळदा मैदा असतो, म्हणून डाळ बिनहिंगाची मागावी.

आमची चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. एका भोजनालयात भात-डाळ विचारून घेतली. पण पापड पुऱ्यांच्याच तेलात तळलेला होता. रात्रभर पोरगी कळवळत होती. तेव्हापासून आम्ही तेल, तवा आणि पळी यांचीही चौकशी करतो.

नेपाळी लिपी आपलीच आहे. म्हणून हे वाक्य चिठ्ठीवर लिहून आचाऱ्याला दाखवा : ‘मैले गहुँ, जौ, मैदा र सुजी खानु हुँदैन। थोरै खाए पनि बिरामी हुन्छु।’

सोबत मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि कडक भाकरी बांधून घ्या. भाकरीचे पीठ घरी दळा किंवा गिरणीत गव्हाआधी, जाते साफ करून दळून घ्या. गव्हामागून दळलेल्या ज्वारीत गहू येतोच.

सहयात्रेकरूंना एकच विनंती : ‘एक घास खा, काही होत नाही’ असा आग्रह करू नका.

आणि घरात कोणाला अशी लक्षणे असतील, तर मनाने गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या; गहू आधीच सोडला तर तपासणीत आजार दिसत नाही.