फोनची बॅटरी अधिक कशी टिकेल?



भिवंडीत यंत्रमागांची खडखड एकदम थांबली, की वीज गेली असे समजावे. अशा वेळी मुले मोबाइलच्या उजेडात वही उघडतात आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची खूण लाल होते. "सर, बॅटरी दुप्पट टिकेल असे काही करता येईल का?" हा प्रश्न मला वर्गात नेहमी विचारला जातो. उत्तरासाठी तुमच्या पुस्तकातले एक सूत्र पुरे आहे :

टिकण्याचा काळ = साठवलेली ऊर्जा ÷ खर्च होणारी शक्ती

म्हणजे मार्ग दोनच. अंश वाढवा, नाहीतर छेद कमी करा.

ऊर्जा किती?

बॅटरीवर '५००० मिलिअँपिअर-तास' असे लिहिलेले असते. हे विद्युतप्रभाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. त्याला विभवांतराने गुणले पाहिजे. लिथियम-आयन घटाचे सरासरी विभवांतर ३.८५ व्होल्ट धरू. ५ × ३.८५ = सुमारे १९ वॉट-तास. एवढ्या ऊर्जेवर एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॉटची मोटर जेमतेम दीड मिनिट चालेल! फोनने मात्र सरासरी १ वॉट खर्च केला तर ती १९ तास पुरेल, अर्धा वॉट केला तर ३८ तास.

अंश वाढवू या

पूर्वी फोनचे झाकण सहज निघे. तेव्हा जाड बॅटरी आणि तिच्यासाठी फुगीर झाकण विकत मिळे. मीही एकदा स्वस्तातली बॅटरी आणली. वेष्टनावर आकडा दुप्पट, पण आकार आणि वजन मूळच्याइतकेच! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला तिथेच शंका यायला हवी होती. त्याच रसायनात दुप्पट ऊर्जा साठवायची तर पदार्थही जवळजवळ दुप्पट हवा. काही महिन्यांत ती बॅटरी फुगली. घटातील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार झाला, की असे होते. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. ती पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

आज जाड बॅटरीची जागा पॉवर बँकेने घेतली आहे. तिच्यावरील १०००० हा आकडा आतील ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. विभवांतर वाढवताना व पुन्हा उतरवताना काही ऊर्जा उष्णता बनते. म्हणून तिने ५०००चा फोन पूर्ण दोनदा भरत नाही.

छेद कमी करू या

२००९ मध्ये सुरू झालेल्या 'सायनोजेनमॉड'सारख्या प्रणाली फोनमध्ये घालून हौशी लोक प्रोसेसरची गती आणि विभवांतर कमी करीत. प्रोसेसरची शक्ती ढोबळमानाने विभवांतराचा वर्ग गुणिले गती या प्रमाणात असते. दोन्ही १० टक्क्यांनी घटवल्यास शक्ती ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७३ पट होईल. बचत २७ टक्के?

थांबा! गती घटल्यामुळे तेच काम करायला १.११ पट वेळ लागेल. ०.७३ × १.११ = ०.८१. म्हणजे खरी बचत १९ टक्के, आणि तीही फक्त प्रोसेसरच्या वाट्याची. पडदा मात्र तेवढा जास्त वेळ जळत राहील! शिवाय अशी प्रणाली घालण्यासाठी फोनचे कुलूप उघडताना आतील माहिती पुसली जाते. २०१५ पासून अँड्रॉइडमध्येच 'डोझ' ही सोय आली; पडून असलेल्या फोनमधील कामे ती आपोआप थोपवते.

मोठी बचत साध्या उपायांत आहे. पडद्याचा उजेड कमी ठेवा. सिग्नल क्षीण असेल तिथे फोन अधिक शक्तीने लहरी पाठवतो. तिथे गरज नसेल तर विमान-मोड लावा.

करून पाहा

रात्री १० वाजता आणि सकाळी ६ वाजता बॅटरीची टक्केवारी नोंदवा. तीन रात्री फोन नेहमीसारखा ठेवा, तीन रात्री विमान-मोडवर. दोन्हींची सरासरी काढा. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीचा १ टक्का म्हणजे सुमारे ०.१९ वॉट-तास. यावरून झोपलेला फोन किती वॉट खातो, ते तुम्हीच काढा. कोणाच्याही जाहिरातीपेक्षा तो आकडा अधिक विश्वासाचा असेल, कारण तो तुम्ही मोजलेला आहे.