ट्रॅक्टरचे इंजिन आपली शक्ती का आखडते?

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला आहे आणि पेरणीपूर्वीची शेवटची मशागत चालू आहे, अशा वेळी नव्या ट्रॅक्टरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो. पाठोपाठ इंजिनाची गती उतरते. पायाने कितीही दाब दिला तरी फेरे वाढत नाहीत व रोटाव्हेटर ओढवत नाही. इंजिन बंद पडत नाही, काळा धूर टाकीत नाही, की खडखडही करीत नाही. ते फक्त जड काम नाकारते. वाफसा कोणासाठी थांबत नसल्याने शेतकऱ्याचा धीर सुटतो. मग कोणी बॅटरीच्या तारा काढून पाहतो, कोणी इंधनाची नळी सैल करतो. आणि पुष्कळदा खऱ्या नुकसानीस येथूनच आरंभ होतो. इंजिनाच्या या अवस्थेस 'लिंप मोड', म्हणजे लंगडत चालण्याची अवस्था, असे म्हणतात. ती इंजिनाने स्वतःच्या रक्षणासाठी योजलेली असते. तिचे स्वरूप समजून घेतल्यास वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

ही व्यवस्था कशासाठी?

जुन्या डिझेल इंजिनातील इंधन पंप सर्वस्वी यांत्रिक असे. पाणी उकळू लागले वा ऑइल संपत आले, तरी तो डिझेल सोडीतच राही. धोका ओळखण्याचे काम चालकाच्या कानांचे व डोळ्यांचे होते.

रस्त्यावरील वाहनांना १ एप्रिल २०२० पासून, आणि ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून, धुरासंबंधी कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी अशा इंजिनांत सामान्यतः 'कॉमन रेल' पद्धती आली. या पद्धतीत एका सामाईक नळीत डिझेल हजार बारहून अधिक दाबाखाली साठविले जाते. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब सुमारे २ बार असतो, यावरून हा दाब किती प्रचंड आहे याची कल्पना यावी. इंजेक्टरच्या आतील भागांमधील फट केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी लहान असते. अशा नाजूक यंत्राला पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण पुरेसा घातक ठरतो.

म्हणून पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब, इंधनाचा दाब, आत येणारी हवा इत्यादींवर संवेदक, म्हणजे सेन्सर, बसविलेले असतात. त्यांचे संदेश ईसीयू या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जातात. एखादे माप मर्यादेबाहेर गेले की नियंत्रक दिवा लावतो, दोषाचा संकेतांक स्मृतीत नोंदवितो आणि डिझेलचे प्रमाण कमी करतो. संवेदकाची तार तुटल्यास त्याला खरे माप कळत नाही. तेव्हाही तो सावधगिरी म्हणून शक्ती कमी करू शकतो. यावरून दिवा लागला म्हणजे मोठाच खर्च आला, असे समजण्याचे कारण नाही. आणि काही झालेच नाही, असेही समजू नये.

नेहमी आढळणारी कारणे

इंधनात पाणी : पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पिंपातील डिझेलमध्ये पाणी उतरते. ते तळाशी राहते व पिंप तिरपे करून ओतताना टाकीत जाते. डिझेलमुळे पंपाला वंगण मिळते. पाण्यामुळे ते मिळत नाही व गंज चढतो. रॉकेलच्या भेसळीनेही वंगण कमी पडते.

इंजिन तापणे : मळणी व रोटाव्हेटरच्या कामात भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकते. बंद झालेला हवेचा फिल्टरही शक्ती कमी करतो.

काजळीची गाळणी भरणे : ज्या वाहनांच्या धुराच्या मार्गात डीपीएफ ही गाळणी असते, त्यांत साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेने जाळून टाकावी लागते. इंजिन तासन्‌तास रिकामे चालू ठेवल्यास ही उष्णता मिळत नाही व गाळणी तुंबते.

डीईएफ द्रव : काही पिकअप व ट्रकांत हा द्रव वेगळ्या टाकीत भरावा लागतो. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो. तो संपला किंवा अशुद्ध असला, तरी वाहनाची शक्ती कमी केली जाते. खताचा युरिया पाण्यात विरघळवून तो घरी करू नये. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्याने ही यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानित खत अशा कामी वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे.

तारा व जोडण्या : उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि धुताना पाणी शिरलेल्या जोडण्या हे दोष किरकोळ दिसतात, परंतु वारंवार आढळतात.

दिवा लागल्यावर काय करावे?

१. दिवा लाल असल्यास ताबडतोब सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. पिवळा असल्यास भार काढून, हळूहळू चालवीत, यंत्र सोयीच्या जागी आणावे.

२. पुस्तिकेत दिव्याचे चिन्ह शोधून त्याचा अर्थ पाहावा.

३. इंजिन थंड झाल्यावर ऑइल, पाणी, रेडिएटरची जाळी व हवेचा फिल्टर तपासावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

४. इंधनातील पाण्याचा दिवा असल्यास फिल्टरच्या तळाची चावी सैल करून पाणी काढावे.

५. तारा कुरतडलेल्या किंवा जोडण्या सैल आहेत काय ते पाहावे. एवढ्याने दोष न गेल्यास संकेतांक मेकॅनिककडून वाचून घ्यावा.

काय करू नये?

जुन्या इंजिनाप्रमाणे हवा काढण्यासाठी इंजेक्टरची नळी सैल करू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. केवळ संकेतांक पुसून काम पुढे रेटू नये. दुखणे तसेच राहते आणि पंप व इंजेक्टर बदलण्याची पाळी येते. गाळणीतील काजळी जळत असताना ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर उभा करू नये. अवजारास वेल्डिंग करावयाचे असल्यास ते आधी ट्रॅक्टरपासून सोडवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीप हंगामापूर्वी ट्रॅक्टरधारकांची बैठक घेऊन फलकावरील दिव्यांची ओळख करून द्यावी आणि फिल्टरमधील पाणी काढण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. डिझेलची पिंपे छपराखाली, फळ्यांवर व घट्ट बुचे लावून ठेवण्याचा आग्रह धरावा. ट्रॅक्टर चालविणारा बहुधा मालकाहून वेगळा असतो. त्यालाही बैठकीस अगत्याने बोलवावे. पिवळा दिवा प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतो, आणि तेव्हा तो थांबला तर अर्ध्या तासात भागणारे काम पुढे आठ दिवसांचे होत नाही.