थीम अपडेट झाली, रंग उडाले

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. थीमच्या फाइलींत फेरफार करून रंग-अक्षरं मनासारखी केली होती. अपडेट होताच सगळं पूर्ववत. शिवाय मराठी मथळ्यांची शिरोरेषा तुटते.
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : अपडेटमध्ये थीमचा अख्खा फोल्डर बदलला जातो. तेव्हा मूळ फाइलींना हातच लावू नका. किरकोळ बदल ‘कस्टमाइझ’मधल्या ‘ॲडिशनल सीएसएस’मध्ये लिहा; तो मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. मांडणीच बदलायची असेल तर चाइल्ड थीम करा. वेगळा फोल्डर, त्यात स्टाइल डॉट सीएसएस आणि तिच्या माथ्यावर ‘टेम्प्लेट’पुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, अगदी हुबेहूब. (२०२२ नंतरच्या ब्लॉक थीममध्ये रंग ‘एडिटर’मधल्या ‘स्टाइल्स’मध्ये बदलतात.)

शिरोरेषेचं दुखणं वेगळं. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात, मथळ्यांना ऐटीत लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीत त्यानं अक्षरं सुटी पडतात. ते शून्य करा. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वेलांटी आणि रफार वरच्या ओळीला टेकतात. फॉन्ट म्हणाल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि मोबाइलवरही स्वच्छ दिसतो.

काहीही करण्याआधी बॅकअप मात्र घ्या.