प्रौढांतील एबस्टाइन हृदयदोष व त्यावरील शस्त्रक्रिया

तुळजापुरास भवानीमातेच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते. परतीच्या चढणीला थकवा येणे स्वाभाविकच. परंतु धडधाकट दिसणाऱ्या तिशीतील माणसाला चार पायऱ्यांतच धाप लागावी, छाती धडधडावी व ओठ निळसर पडावेत, हा केवळ अशक्तपणा नव्हे. अशा रुग्णाला कधी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या जातात, कधी दमा ठरविला जातो. क्वचित त्याचे मूळ जन्मजात हृदयदोषात असते. एबस्टाइन विकृती हा त्यांपैकी एक दोष होय.

जर्मन वैद्य विल्हेल्म एबस्टाइन यांनी १८६६ साली एकोणीस वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनावरून त्याचे वर्णन केले. सुमारे वीस हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये तीन पाकळ्यांची झडप असते. गर्भावस्थेत या पाकळ्या भिंतीपासून सुटावयास हव्यात. त्या चिकटून राहिल्या की झडप खाली सरकते. पाटाचे दार नीट न बसल्यास पाणी मागे फिरावे, तसे रक्त मागे गळते आणि वरचा कप्पा फुगत जातो. अनेकांच्या पडद्याला छिद्रही असते. त्यातून अशुद्ध रक्त मिसळून अंग निळसर दिसते.

दोष सौम्य असल्यास नियमित तपासणी पुरते. गळती मोठी असल्यास मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. धातूची झडप बसविली, तर रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते व वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. परंडा-भूमच्या खेड्यातील शेतकऱ्याला हे किती अवघड, हे सांगणे नको. ब्राझीलचे शल्यविशारद जोसे पेद्रो दा सिल्वा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच पाकळ्या भिंतीपासून सोडवून, फिरवून, एकमेकींस शिवून शंकूच्या आकाराची झडप तयार करतात व ती मूळ जागी बसवितात. प्रौढांतही ही दुरुस्ती होऊ शकते; मात्र उजवा कप्पा फार दुबळा होण्यापूर्वी.

येथेच विलंब घातक ठरतो. मुलीचा त्रास लग्नाच्या वेळी लपविला जातो व गर्भारपणात हृदयावरील भार वाढला की तो उघड होतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यापुढील वयाच्या रुग्णाने स्वतःच हृदयाचा आलेख व 'इको' ही वेदनारहित तपासणी करून घ्यावी लागते.

शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा धाराशिव त्यांत नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरात तो आला. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका, ओळखपत्र व इकोचा अहवाल घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास भेटावे.