हिरवा रंग शेवटी द्या

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातली. नागपूर-हैदराबाद महामार्ग जवळ, म्हणून मोठी सहल बहुतेक हैदराबादलाच जाते : चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय. परतल्यावर सहावी-सातवीच्या मुलांकडून मी भिंतीवरचं पोस्टर करून घेते. यंदा त्यांनी जेडच्या वस्तू निवडल्या. त्यातून हाती लागलेलं हे.

१. गर्दी नसलेलं दालन निवडा. सालारजंगमध्ये सगळे धावतात ते ठोके देणाऱ्या घड्याळाकडे आणि बुरखा घेतलेल्या रिबेकाच्या संगमरवरी पुतळ्याकडे. जेडच्या दालनात निवांत उभं राहता येतं. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, हे मात्र सहलीची तारीख ठरण्याआधीच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

२. एका मुलाला एकच वस्तू द्या. सगळं बघून आलेल्या मुलाच्या वहीत काहीच नसतं. एकीला मी जहांगीरचा खंजीर दिला, एकीला नूरजहानचा फळं कापायचा चाकू, एकाला इल्तुतमिशचं नाव कोरलेली रेहल, म्हणजे ग्रंथ ठेवायची घडवंची. समोर उभं राहून पेन्सिलीनं चित्र काढायचं आणि एक प्रश्न लिहायचा, एवढंच काम. "मॅडम, दगड हाय तं आरपार उजेड कसा दिसते?" हा प्रश्न चित्र काढणाऱ्यालाच सुचतो. फोटो काढणारा तोवर पुढच्या दालनात पोचलेला असतो.

३. हिरवा रंग शेवटी द्या. जेड म्हटलं की मुलांचा हात पोपटी स्केचपेनकडे जातो. मुघलांचं पुष्कळसं जेड पांढरं, दुधी, राखी, फार तर शेवाळी झाक असलेलं. शाहजहानचा १६५७ सालचा मद्याचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तोही पांढराच. आम्ही पांढऱ्या कागदावर आकार कापले, मागून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि कार्डशीटला तेवढ्या खिडक्या पाडून ते आतून चिकटवले. पोस्टर खिडकीच्या गजांना बांधलं. दुपारी ऊन आलं की पेला उजळतो. तेल कडेपर्यंत नेऊ नका, फेव्हिकॉल धरत नाही.

४. "कशाचं आहे" याच्यापेक्षा "कसं केलं" याला जास्त जागा द्या. माझ्या मते पोस्टरचा निम्मा भाग याचाच हवा, आणि नेमका तोच बहुतेक पोस्टरवर नसतो. जेड छिन्नीनं कोरता येत नाही, लोखंड त्याच्यावर चालत नाही. ते घासावं लागतं. चीनमध्ये कारागीर गारेची वाळू आणि पाणी घालून दोरीनं, पुढे फिरत्या चकतीनं दगड झिजवत. कुरुंदाची पूडही वापरली जाई. झिजवते ती पूड, हत्यार नुसतं तिला फिरवतं. दगड आला कुठून, तर खोतानच्या युरुंगकाश नदीच्या पात्रातून, गोट्यांच्या रूपात.

इथं वर्गाला खरा रंग चढला. कठीणपणाच्या मोज्स मापावर मुघल वस्तूंचं जेड, म्हणजे नेफ्राइट, ६ ते ६.५ आणि आपल्या वावरात पायाखाली येणारी गारगोटी ७. दुसऱ्या दिवशी मुलांनी खिसे भरून गारगोट्या आणल्या. जुन्या काचेच्या तुकड्यावर ओढल्या, चरा उठला. "मंग आपला गोटा भारी झाला ना मॅडम!" ओरखडा काढण्यात भारी, पण हातोडा मारला की गारगोटीच्या ठिकऱ्या होतात. नेफ्राइटच्या आत बारीक तंतू जिनिंगमधल्या दाबलेल्या कापसाच्या गाठीसारखे एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, म्हणून तो सहजी फुटत नाही आणि त्याची पातळ पात होऊ शकते. कठीण असणं वेगळं, चिवट असणं वेगळं. विज्ञानाच्या पुस्तकातून हे मला कधी इतक्या लवकर शिकवता आलं नव्हतं. (वर्ग झाडताना मात्र काचेकडे लक्ष ठेवा.)

गारगोटीच्या भावकीतल्या अकिकाचे मणी नागपूरजवळच्या माहूरझरीला घडत. तेही पोस्टरच्या एका कोपऱ्यात घेतले.

५. "प्राचीन" लिहिण्याआधी सुतळी ताणा. व्हरांड्यात १० फूट सुतळी, १ फुटाला ५०० वर्षं. जहांगीर पहिल्या फुटातच संपला, इल्तुतमिश दुसऱ्यात. ज्याच्या अंगावर सोन्याच्या तारेनं शिवलेला २,४९८ जेड-तुकड्यांचा पोशाख होता तो चिनी राजपुत्र लिऊ शंग, मृत्यू इ. स. पूर्व ११३, सव्वाचार फुटांवर. चीनच्या लियांगझू संस्कृतीच्या जेडच्या चकत्या दुसऱ्या टोकाला. सहाव्या फुटाशी मी बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडची चिठ्ठी लावली. तिथं नागपूर विद्यापीठाच्या उत्खननात लोहयुगातली वस्ती मिळाली. आपल्या जिल्ह्याची चिठ्ठी जहांगीरच्या इतकी मागे गेलेली पाहून पोरं हरखली.

६. दंतकथा वगळू नका, पण वेगळ्या रंगात लिहा. विषारी अन्न वाढलं की जेडचं ताट तडकतं, रंग बदलतं, असं लोक मानत. आम्ही ते लाल शाईत, "असे मानत" या शब्दांसह लिहिलं. मोबाइलवरून उतरवलेलं "जेडमुळे आजार बरे होतात" हे मात्र सरळ खोडायला लावलं. किंमत लिहायचा हट्टही मोडून काढला.

७. खाली वीतभर जागा कोरी ठेवा आणि शेजारी पेन्सिल टांगा. मोठी माणसं तिथं "खूप छान" लिहितात, ते पुसून टाका. बारकी पोरं कामाचं लिहितात. चौथीतल्या कुणीतरी लिहिलं होतं, "एवढी वाळू आणत कुठून होते?" त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर आलं : "नदीतून. आन् कुठून?"