एका आधणाला खर्च किती?

दिवाळी झाली, थंडी पडू लागली, की कोल्हापूर भागात गुऱ्हाळे सुरू होतात. चरक फिरू लागतो. रस काहिलीत पडतो. चुलवाणात चिपाडाचा जाळ धडाडतो. मळी वर येते, ती काढतात. गुळव्या पाक बोटावर पाहतो आणि 'उतरा' म्हणतो. काहील उतरली, की एक आधण झाले.

गूळ कसा करावा हे तुम्हांला आम्ही काय सांगणार! ते तुम्हीच आम्हांला शिकवाल. आज आपण दुसरी गोष्ट पाहू. गुऱ्हाळवाल्याला एका आधणाला खर्च किती येतो? प्रश्न सोपा वाटतो. पण याला एकच एक उत्तर नाही.

समजा, एका गावात भाडोत्री गुऱ्हाळ आहे. लोक आपला ऊस आणतात, गूळ करून नेतात आणि आधणामागे २,५०० रुपये देतात. खरे दर गावोगाव निराळे असतात. आम्ही हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत.

गुऱ्हाळवाल्याचे काही खर्च असे, की ते चुकत नाहीत. जागेचे भाडे, चरकाच्या आणि इंजिनाच्या कर्जाचा हप्ता, राखणदाराचा पगार, छपराची डागडुजी. हंगामाला हे २ लाख रुपये होतात. एकही आधण निघाले नाही, तरी द्यावेच लागतात. गोठ्यातल्या बैलासारखेच हे. औताला जुंपा, नाही तर उभा ठेवा, वैरण लागतेच. म्हणून याला आपण 'उभा खर्च' म्हणू. पुस्तकात याला स्थिर खर्च म्हणतात.

दुसरे खर्च कामाबरोबर चालतात. गुळव्याची व गड्यांची मजुरी, इंजिनाचे तेल, चुना, भेंडी. आधणाला १,५०० रुपये. दोन आधणे निघाली की ३,०००. हा 'चालता खर्च'. पुस्तकात याला बदलता खर्च म्हणतात. जळण विकत घ्यावे लागत नाही. ज्या उसाचा रस, त्याचेच चिपाड जळते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मजुरी आधणावर ठरली, तर ती चालत्या खर्चात धरायची. गुळव्याला महिन्याच्या पगारावर ठेवला, तर तोच पैसा उभ्या खर्चात जातो. बोली कशी झाली, त्यावर हे ठरते.

आता हिशेब करू. हंगामात १०० आधणे निघाली, तर २ लाखांतले २,००० रुपये एकेका आधणाच्या वाट्याला आले. त्यात चालते १,५०० मिळवा. आधण पडले ३,५०० ला. हाती येतात २,५००. म्हणजे आधणामागे हजाराची खोट, हंगामाला लाखाची!

२०० आधणे निघाली, तर उभ्या खर्चाचा वाटा १,००० होतो. आधण २,५०० ला पडते. नफा नाही, तोटा नाही. आणि ४०० निघाली, तर वाटा ५००. आधण पडते २,००० ला, आणि हंगामाला २ लाख हाती उरतात. काहील तीच, गुळव्या तोच, दरही तोच. आधणे तेवढी वाढली.

दुसऱ्या वाटेनेही हेच दिसते. दर २,५००, त्यातून चालता खर्च १,५०० गेला, उरले १,०००. या हजार-हजारांनी २ लाखांचा खड्डा भरायचा आहे. तो २०० आधणांनी भरतो. पुढचे हजार घरात येतात.

आता एक पेच. १५० आधणे झाली आहेत, पुढे ऊस दिसत नाही. शेजारगावचा शेतकरी येतो आणि म्हणतो, "माझी वीस आधणं हायत. पण एकोणीसशेच देईन बघा." काय करावे? घरातले म्हणतील, "खुळा झालास का? आपल्याला त्याहून जास्त पडतंय!" पण चरक रिकामा उभा असेल, तर हा ऊस घ्यावा. चालता खर्च १,५०० जाऊन आधणामागे ४०० उरतात, वीस आधणांचे ८,०००. उभा खर्च तर काम नाकारले तरी भरायचाच आहे. मात्र १,५०० च्या खाली कधी उतरू नये. तिथे प्रत्येक आधणाला खिशातून भर घालावी लागते. आणि बाकीच्यांना कळले, सगळेच १,९०० म्हणू लागले, तर? मग खड्डा भरायला ५०० आधणे लागतील. एका काहिलीवर तेवढी निघतीलच असे नाही.

इथेच पुष्कळ जण फसतात. ४०० आधणांचा हंगाम चांगला गेला, की कर्ज काढून दुसरी काहील, मोठा चरक आणतात. उभा खर्च २ लाखांचा २ लाख ८० हजार होतो. पुढच्या वर्षी ६०० आधणे आली तर ठीक. पण ४५० च आली, तर ४ लाख ५० हजारांतून २ लाख ८० हजार वजा जाता १ लाख ७० हजार उरतात. काम वाढले आणि मिळकत ३० हजारांनी घटली!

साखर कारखान्याचे गणितही असेच, फक्त खड्डा फार खोल. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी खपून काम केले. तेव्हापासून प्रत्येक कारखान्याला एकच घोर: गाळायला ऊस पुरेल का? २०१८ साली दुष्काळ पडला, २०१९ साली कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. राज्यात २०१८-१९ ला सुमारे १०७ लाख टन साखर झाली होती, ती २०१९-२० ला ६२ लाख टनांच्या आसपास आली. कित्येक कारखान्यांची धुराडी त्या वर्षी पेटलीच नाहीत. कर्जाचे व्याज मात्र थांबले नाही.

आता पाटी घ्या. एका पिठाच्या गिरणीचा उभा खर्च महिन्याला ६,००० रुपये आहे. दळणाचा दर किलोला ५ रुपये, वीज वगैरे चालता खर्च किलोला २ रुपये. किती किलो दळण आले म्हणजे खड्डा भरेल? गावात दुसरी गिरणी निघाली आणि दर ४ रुपयांवर आला, तर किती किलो लागेल?