जीपगाडीचा पुढील आंस

तरफेचा नियम तुम्ही वर्गांत पाठ करितां. परंतु तो यंत्राच्या पोटांत कसा राबतो हें पाहिल्याखेरीज त्याची खरी ओळख पटत नाहीं. यास्तव आज जीपगाडीच्या पुढील आंसाचा, ज्यास कारखान्यांत ॲक्सल म्हणतात त्याचा, थोडा विचार करूं.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानीं सिएरा नेव्हाडा पर्वतांतून 'रुबिकॉन ट्रेल' नांवाची खडकाळ वाट जाते. तेथें शिळांवरून जीपगाड्या अगदीं मंद गतीनें चढवितात. आंस मोडला तर जवळपास मिस्त्री कोठून मिळणार? या वाटेचेंच नांव कंपनीनें २००३ सालीं आपल्या एका गाडीस दिलें. १९९७ ते २००६ पर्यंत निघालेल्या 'रँगलर टीजे' या गाडीच्या साध्या प्रकारांस पुढें 'डाना ३०' हा आंस असे. रुबिकॉनला त्याहून मोठा 'डाना ४४' मिळाला. साहजिकच साध्या गाडीचे कित्येक मालक तो मोठा आंस आणून बसवूं लागले.

तो मोठा कशांत? आंसाच्या मध्यभागीं क्राउन व पिनियन हीं दोन दंतचक्रें असतात. इंजिनाची शक्ति पिनियन क्राउनला देतें आणि क्राउन चाकांना. डाना ३० मधील क्राउनचा व्यास सुमारें ७.२ इंच, डाना ४४ मधील ८.५ इंच. दार बिजागरीपासून दूर धरून लोटलें असतां थोडक्या जोरानें फिरतें; त्याच न्यायानें चाकास तेवढाच पीळ देतांना मोठ्या क्राउनच्या दांतांवर सुमारें १५ टक्के कमी भार येतो. आंतील दांडे जाड, हा लाभ निराळाच.

आतां गणित पुढें करूं. असा मालक बहुधा चाकेंही मोठीं घालतो. समजा, ३० इंचांचीं काढून ३५ इंचांचीं घातलीं. त्रिज्या १५ वरून १७.५ इंच झाली. खडकावरील पकड तेवढीच धरली तरी आंसावरील पीळ एकषष्ठांशानें वाढला. गुणाकार करून पाहा: दांतांवरचा भार जवळजवळ पूर्वीइतकाच येतो! खर्च मात्र झाला.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. रुबिकॉनच्या आंसाचें प्रमाण ४.१०, म्हणजे मधल्या दांड्याचे ४१ फेरे झाले कीं चाकाचे १० होतात. साध्या गाड्यांपैकीं कित्येकांचें प्रमाण ३.०७; तेवढ्याच ४१ फेऱ्यांत त्यांचीं मागलीं चाकें १३ हून अधिक वेळां फिरतील. चारही चाकांना एकदम शक्ति जोडली कीं पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांशीं झुंजूं लागतात. टणक रस्त्यावर कांहींतरी मोडल्यावांचून राहत नाहीं. म्हणून दोन्ही आंसांचें प्रमाण आधीं एक केलें पाहिजे. हें काम कुशल मिस्त्र्याचें. दांत दांतांस नेमके भिडले नाहींत तर नवें चक्रही लवकर झिजतें.

आणखी एक बाब पुष्कळांस ठाऊक नसते. टीजे रुबिकॉनच्या या आंसाच्या टोकांशीं चाक वळविणारे सांधे व बॉल जॉइंट डाना ३० चेच आहेत. मधला भाग बळावला. टोकें होतीं तशींच राहिलीं. जुना आंस विकत घेणाऱ्यानें म्हणूनच प्रथम तिकडे पाहावें. गाडी जॅकवर उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, चाक वरखालीं धरून हलवावें. खडखड ऐकूं आली तर बॉल जॉइंट सैल झाले असण्याचा संभव फार.